रडणाऱ्या मेंढीचं ऐतिहासिक घर

एका जंगलात एक शहर होतं.

हसू नका. जंगलात शहर कसं, असं विचारणारी मुलं मोठेपणी नगररचना खात्यात जातात आणि दुःखी होतात. तर बाळांनो, ते जंगल होतं लांब जर्मनी देशात, आणि शहराचं नाव होतं क्नोलनबुर्ग. जिभेला गाठ पडली असेल तर घोटभर पाणी प्या. मग पुढचं ऐका.

क्नोलनबुर्ग फार जुनं होतं. दगडी पूल होता, घड्याळाचा मनोरा होता, वेस होती, चौकात कारंजं होतं. इतकं सगळं जुनं एके ठिकाणी साचलं की ते बघायला लांबलांबून प्राणी येतात. बघून झालं की म्हणतात, "आमच्याकडेपण आहे हो असं. फक्त आमच्याकडे राखत नाहीत."

शहर दाखवण्याचं काम ओटमार नावाच्या करकोच्याकडे होतं. शहर पायीच दाखवायचं, असा नगरपालिकेचा नियम होता, आणि नियम सगळ्यांना सारखा. त्यामुळे एवढे मोठे पंख असूनही ओटमार चालायचा. बावीस वर्षं चालून त्याचे गुडघे दुखायला लागले होते. आणि करकोच्याचे गुडघे दुखायला लागले की संपलंच. खाली दुसरं असतंच काय?

ओटमारला एक खोड होती. तो खरं बोलायचा.

"हा पूल चौदाशे बारा साली बांधला," तो सांगायचा. "तो पडला. मग दुसरा बांधला. तोही पडला. हा तिसरा आहे. जपून चाला."

पाहुणे विचारायचे, "या खिडकीतून राजकन्येनं उडी मारली होती का?"

"नाही. हे धान्याचं कोठार आहे. खिडकीतून पोती टाकत."

"पण एखादी तरी राजकन्या?"

"एकही नाही. मी कागदपत्रं पाहिली आहेत."

पाहुणे उसासा टाकत आणि पुढे चालत. तो काय सांगतो हे कुणी ऐकत नसे. त्याच्या हातात एक मिटलेली छत्री असे, ती तो उंच धरी, आणि सगळे त्या छत्रीकडे बघत तिच्यामागून जात. छत्री डावीकडे तर सगळे डावीकडे. छत्री थांबली की सगळे थांबून वर बघत. वर काही नसलं तरी फोटो काढत.

एकदा सह्याद्रीतल्या प्राण्यांची एक सहल तिथे आली. नऊ दिवसांत सात शहरं, नाश्ता धरून. त्यात दादासाहेब नावाचे एक गवा होते. ते आपल्या जंगलात तीन वेळा सरपंच झाले होते, त्यामुळे कुठल्याही दारातून आत जाताना ते दार ढकलतच जात. चिंतामणराव नावाचे एक निवृत्त मुख्याध्यापक शेकरू होते. ते दिसेल ते वहीत लिहून घेत. आणि विमलकाकू नावाच्या एक साळिंदरीण होत्या. त्यांच्या पिशवीत चकल्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी बसमध्ये कुणी बसत नसे. चकल्यांमुळे नव्हे.

त्या दिवशी बारीक पाऊस होता. कारंज्यापाशी आल्यावर ओटमारच्या गुडघ्यातून कळ आली. "एक मिनिट थांबा," असं म्हणून त्यानं छत्री खाली ठेवली आणि वाकून गुडघा चोळू लागला.

नेमकी त्याच वेळी चौकातून एक मेंढी चालली होती.

तिचं नाव हेडविगबाई. सहा वर्षांपूर्वी तिचा नवरा वारला होता. मूलबाळ नव्हतं. बोलायला कुणी नव्हतं, म्हणून ती कुणाशी बोलत नसे. त्या दिवशी तिला कांदे आणायचे होते आणि दाढ दाखवायची होती. पावसासाठी तिनं छत्री आणली होती, पण ती उघडेना. म्हणून ती छत्री डोक्यावर उंच धरून खटका दाबत दाबत चालली होती.

बावीसच्या बावीस पाहुण्यांनी छत्री बघितली आणि ते तिच्यामागे निघाले.

ओटमार उठून बघतो तो चौकात फक्त कबुतरं.

हेडविगबाई मंडईत गेली. तिनं एक कांदा उचलला, दाबून बघितला, परत ठेवला. मागे कुणीतरी म्हणालं, "बघितलंत? परंपरा कशी जपलीय!" तिनं वळून बघितलं. बावीस जण तिच्या कांद्याकडे बघत होते. चिंतामणराव लिहीत होते.

ती घाबरली. घाबरलेली मेंढी काय करते? भरभर चालते. मग बावीसजणही भरभर चालले.

"आता वेग वाढवलाय," दादासाहेब मागच्यांना म्हणाले. "म्हणजे पुढे काहीतरी महत्त्वाचं असणार."

पुढे दातांचा दवाखाना होता. सुतारपक्षी दंतवैद्य होता. हेडविगबाई खुर्चीत बसली आणि तिनं तोंड उघडलं, तर वर बावीस तोंडं.

"ही दाढ कुठल्या शतकातली?" चिंतामणरावांनी विचारलं.

"गेल्या मार्चमधली," सुतारपक्षी म्हणाला. "मीच भरली होती. तुम्ही पेशंटचे नातेवाईक का?"

"आम्ही सहलीचे," विमलकाकू म्हणाल्या.

सुतारपक्ष्यानं मान डोलावली. त्या शहरात एवढ्यावर भागत असे.

हेडविगबाई खुर्चीतून उडी मारून पळत सुटली ती थेट घरी आली. तिनं आत शिरून दार लावलं, कडी घातली, आणि पाठ दाराला टेकून उभी राहिली. बाहेर दादासाहेबांनी सहलीचा कागद काढला. त्यावर लिहिलं होतं, 'प्रवेश समाविष्ट'. त्यांनी दार ढकललं. कडी निघाली. मेंढीही निघाली.

घर लहान होतं. स्वयंपाकघरात नळ गळत होता आणि त्याखाली बादली होती. खुंटीवर नवऱ्याची टोपी होती. खुर्चीवर एक अर्धा विणलेला मोजा होता. हेडविगबाई स्वतःसाठी मोजे विणत होती. तीन झाले होते, चौथा चालू होता.

सगळे आत आले आणि गप्प झाले. आपण कशाकडे बघतोय हे कळत नसलं की प्राणी आपोआप आदरानं बघतात.

"कोण आहात तुम्ही?" हेडविगबाई ओरडली. "माझ्या घरातून चालते व्हा!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"मी पोलिसांना बोलावीन!"

आणखी टाळ्या पडल्या. "आवाज काय खणखणीत आहे," दादासाहेब म्हणाले. "माइक नाही, काही नाही."

तेव्हा हेडविगबाईला रडू कोसळलं. ती खुर्चीवर, मोज्यावरच बसली आणि हुंदके देऊन रडू लागली. बऱ्याच जणांनी फोटो काढले. पण विमलकाकू पुढे आल्या. त्यांनी नीट बघितलं. मग त्या, काटे टोचणार नाहीत इतक्या अंतरावर, जमिनीवर बसल्या.

"ही टोपी मालकांची का गं?" त्यांनी विचारलं.

हेडविगबाईनं मान डोलावली.

"कधी गेले?"

"सहा वर्षं झाली."

"आमच्यांना चार. घे, चकली घे. रडताना पोटात काहीतरी हवं."

हेडविगबाईनं चकली घेतली. दुखऱ्या दाढेनं ती चकली खाल्ली आणि मग ती बोलू लागली. नवऱ्याचं नाव हेल्मुट होतं. हा नळ त्यानंच बसवला होता आणि तो पहिल्या दिवसापासून गळत होता. त्यावरून ती त्याच्याशी रोज भांडायची. आता तो नव्हता आणि नळ गळत होता. सहा वर्षांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून तिनं कुणाला सांगितलंही नव्हतं. बावीस प्राणी उभ्यानं ऐकत होते. चिंतामणरावांची वही मिटली होती.

मग तिनं कांद्याचं सूप केलं. घरात थोडे जुने कांदे उरले होतेच. सगळ्यांनी ते वाटीवाटीनं प्यायलं, वाट्या धुतल्या, आणि निघताना विमलकाकूंनी तिला आपल्या जंगलाचा पत्ता दिला.

इथे गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं! पण दादासाहेबांनी हॉटेलवर जाऊन अभिप्राय लिहिला. 'पूल ठीक. मनोरा ठीक. रडणाऱ्या मेंढीचं घर मात्र चुकवू नये. पाच तारे.'

दुसऱ्या दिवशी सकाळी हेडविगबाईच्या दाराशी तीन सहली उभ्या होत्या. चौथा ओटमार होता. तो लाल झाला होता.

"बाई, तुम्ही माझे पाहुणे पळवलेत."

"मी? माझी छत्री उघडत नव्हती हो!"

ओटमारनं छत्री हातात घेतली, खटका बघितला, आणि त्याचा राग उतरला. तो खरं बोलणारा असल्यामुळे त्याला खरं ऐकूही येत असे. "गंज चढलाय," तो म्हणाला. "चूक तुमची नाही."

तेवढ्यात नगराध्यक्ष आले. नगराध्यक्ष रानडुक्कर होते, त्यांचं नाव एबरहार्ड. त्यांनी ओटमारला बाजूला घेतलं.

"आजपासून हे घर तुमच्या फेरीत घ्या."

"साहेब, हे घर ऐतिहासिक नाही. सत्तर वर्षांपूर्वीचं आहे. नळ तर बारा वर्षांचा."

"ओटमार, इतिहास म्हणजे काय? जिथे पंचवीसजण थांबून वर बघतात, तो इतिहास. बाकीची अडगळ."

सुरुवातीला हेडविगबाईला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? घरात माणसांची, म्हणजे प्राण्यांची, ये-जा सुरू झाली. कुणी विचारी, कसं आहे? कुणी म्हणे, सूप छान झालंय. ती दिवसातून तीनदा हेल्मुटची गोष्ट सांगे आणि सांगताना रडे. गुरुवारी नळ दुरुस्त करायला बीव्हर येणार होता. चौथा मोजाही टाचेपर्यंत आला होता.

गुरुवारी बीव्हरच्या आधी घुबड आलं.

ते वारसा खात्याचं घुबड होतं. त्याला दिवसा दिसत नसे, म्हणून त्याच्याकडे पाहणीचं काम दिलं होतं. त्यानं घर चाचपून बघितलं आणि दारावर एक पितळी पाटी ठोकली.

"हे घर आता वारसा आहे," ते म्हणालं. "इथलं काहीही बदलायचं नाही. नळ गळत राहिला पाहिजे."

"पण बादली भरते."

"भरली पाहिजे."

"आणि मोजा?"

"मोजा अर्धा नोंदवलाय. अर्धाच राहील."

"अहो, मला चार पाय आहेत! चौथ्याला थंडी वाजते."

"वाजू दे," घुबड म्हणालं. "ते अस्सल वाटतं." आणि त्यानं एक कागद दिला. त्यावर रडण्याच्या वेळा होत्या. अकरा, एक आणि चार. सोमवारी सुट्टी.

बीव्हरला दारातूनच परत पाठवलं.

पुढे काय झालं माहीत आहे? हेडविगबाईला रडू येईना. मन लावून आठवावं तरी येईना. सहा वर्षं तुंबलेलं सगळं दीड महिन्यात सांगून झालं होतं. आता हेल्मुटची आठवण आली की तिला हसूच यायचं, कारण नळ बसवताना तो पाना उलटा धरायचा. तिनं कांदा चिरून बघितला. आठवडाभर कांद्यानं साथ दिली. मग डोळ्यांना कांद्याचीही सवय झाली.

एका बुधवारी, एक वाजता, तीस पाहुण्यांसमोर, ती पाना उलटा धरण्याबद्दल सांगता सांगता खो खो हसली.

तक्रार आली. 'मेंढी हसत होती. आमची फसवणूक झाली.'

दुसऱ्या दिवशी तिच्या घरात क्लोटिल्ड नावाची शेळी आली. ती आधी नाटकात काम करायची. तिनं लोकरीचा झगा घातला होता. ती अप्रतिम रडायची. हवं तर उजव्या डोळ्यानं आधी आणि डाव्यानं नंतर. पाहुणे आपापल्या बायकामुलांना मिठी मारून रडू लागले.

"आणि मी?" हेडविगबाईनं विचारलं.

"तुम्ही कोण?" दारावरच्या पहारेकऱ्यानं विचारलं. तो एक बोका होता आणि कालच नोकरीला लागला होता.

"मी इथे राहते."

"रांगेत या."

ती रांगेत उभी राहिली. पाऊण तासानं तिचा नंबर लागला. आपल्याच स्वयंपाकघरात तिला दोरीच्या अलीकडे उभं केलं. खुंटीवरची टोपी घ्यायला तिनं हात पुढे केला, तर बोका ओरडला, "हात लावू नका!" मागून कुणीतरी तिला म्हणालं, "बाई, जरा खाली वाका. शेळी दिसत नाही."

शेवटी तिनं नगरपालिकेत अर्ज केला. सुनावणी झाली. समोर नगराध्यक्ष बसले होते, शेजारी घुबड.

"तुमचं म्हणणं काय?" नगराध्यक्षांनी विचारलं.

"घर माझं आहे."

घुबडानं नोंदवही उघडली. ती उलटी होती, पण त्याला काय फरक पडणार? "नोंद आहे 'रडणारी मेंढी'. तुम्ही रडता का?"

"आता नाही रडत."

"मग तुम्ही त्या नव्हे."

"आणि ती शेळी? ती तरी मेंढी आहे का?"

"अर्धी नोंद जुळते," घुबड म्हणालं. "तुमचीही अर्धीच जुळते. पण तिचा अर्धा भाग महत्त्वाचा आहे."

हेडविगबाईनं मागे वळून बघितलं. सूप पिऊन गेलेले शहरातले पुष्कळजण मागे बसले होते. सगळे आपापल्या खुरांकडे बघत होते. कारण त्या घरामुळे खानावळ चालायची, हॉटेल चालायचं, चौकात चिनीमातीच्या रडक्या मेंढ्या विकल्या जायच्या.

तेव्हा एक लांब पाय हलला. ओटमार उभा राहिला. गुडघा कडकन वाजला.

"घर सत्तर वर्षांपूर्वीचं आहे," तो म्हणाला. "बांधणारा गवंडी बकऱ्याच्या जातीचा होता आणि त्यानं भिंत वाकडी बांधली. नळ हेल्मुटनं बसवला. तो चुकीचा बसवला. मोजा या बाईंचा आहे. पाय मोजून बघा. बाकी तुम्ही सांगता ते सगळं खोटं आहे."

"ओटमार," नगराध्यक्ष मृदू आवाजात म्हणाले, "तुम्ही बावीस वर्षं या शहराची बदनामी करत आला आहात. तो पूल पडला, हा पूल पडला. आम्ही सहन केलं. आता पुरे."

त्याची छत्री काढून घेतली. दावा फेटाळला. दोघं एकाच वेळी पायऱ्या उतरून रस्त्यावर आले. एकाला काम नव्हतं, एकीला घर नव्हतं.

"तुम्ही कशाला बोललात?" हेडविगबाई म्हणाली. "गप्प बसला असतात तर नोकरी राहिली असती."

"बसता येत नाही हो," ओटमार म्हणाला. "गुडघे."

ती हसली. मग ती म्हणाली, "ओटमारराव, या शहरात अशी एखादी जागा आहे का, जिथे कधीच काही घडलेलं नाही?"

करकोच्यानं बराच विचार केला. बावीस वर्षांची कागदपत्रं त्यानं डोक्यातल्या डोक्यात चाळली.

"साबणगल्ली," तो म्हणाला. "तिथे एकही लढाई झाली नाही. कुणी जन्मलं नाही. साबणसुद्धा कधी तिथे तयार झाला नाही."

"मग चला."

साबणगल्लीत त्यांनी दोन खोल्या घेतल्या. वरची त्याची, खालची तिची. दिवस बरे चालले. पण एका सकाळी एक कोल्हीण गळ्यात कॅमेरा अडकवून गल्लीच्या तोंडाशी आली. तिनं दाराकडे बघितलं. पडद्याकडे बघितलं. मग तिनं सगळ्या पाहुण्यांसारखी मान वर केली.

खिडकीआड हेडविगबाईनं पडदा ओढून घेतला. आता ही थांबणार. मग पंचवीस थांबणार. मग पितळी पाटी.

"इथे काय घडलं होतं हो?" कोल्हिणीनं विचारलं.

ओटमार पायरीवर बसला होता. त्यानं घसा साफ केला.

"सोळाशे चोवीस साली," तो म्हणाला, "या गल्लीत गटार खोदायचं ठरलं. ठराव झाला. पुढच्या वर्षी तो रद्द झाला. सोळाशे सव्वीस साली तो रद्द केल्याचा ठराव तपासायला सात जणांची समिती नेमली. त्यांची नावं अशी..."

चौथ्या नावाला कोल्हीण घड्याळ बघू लागली. सहाव्या नावाला तिला एक फोन आला, जो वाजलाच नव्हता. सातवं नाव ओटमारनं रिकाम्या गल्लीला सांगितलं.

त्यानंतर तिथे अधूनमधून कुणी ना कुणी चुकून येत राहिलं. प्रत्येकाला ओटमारनं खरं काय ते सगळं सांगितलं, सालांसकट. दुसऱ्यांदा कुणीही आलं नाही. साबणगल्ली आजही कुठल्या नकाशात नाही.

संध्याकाळी हेडविगबाई सूप घेऊन पायरीवर येते, त्याच्या शेजारी बसते आणि विचारते, "मग त्या गटाराचं पुढे काय झालं?"

तिला खरंच जाणून घ्यायचं असतं.

तात्पर्य : आपलं घर आपल्याकडे राहावं असं वाटत असेल, तर दारात एक खरं बोलणारा बसवावा. कुत्र्याला बघून निम्मेच पळतात, शिवाय कुत्रा सूप मागतो आणि साल सांगत नाही.